स्टिलच्या आजाराचे निदान झाल्यानंतर : नागपुरातील पालकांसाठी

आमच्या मुलीच्या फाइलवर ‘सिस्टेमिक जेआयए’ (ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, म्हणजे मुलांतला स्टिलचा आजार) हे शब्द पहिल्यांदा लिहिले गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्याआधीच्या पाच आठवड्यांत आम्ही विषमज्वर, मलेरिया, डेंग्यू आणि स्क्रब टायफस अशी चार निदाने एकामागून एक ऐकली होती आणि त्यांपैकी दोन आजारांची औषधेही तिला देऊन झाली होती. आज ती पंधरा वर्षांची असून दहावीत शिकते. या नऊ वर्षांत धंतोली आणि रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या बाकांवर नव्याने निदान झालेल्या मुलांचे आईवडील भेटत राहिले आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असत. त्यांची उत्तरे ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने येथे मांडली आहेत. मी डॉक्टर नाही. औषध कोणते आणि किती, हे तुमच्या बालसंधिवाततज्ज्ञांनीच ठरवायचे आहे. पालकांच्या हातात काय असते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगितली पाहिजे. ताप उतरला म्हणजे आजार आटोक्यात आला, असे येथे धरून चालत नाही. स्टेरॉईड सुरू झाले की ताप बहुधा काही दिवसांतच उतरतो, घरातले सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि पुढची भेट लांबणीवर पडते; आमच्याकडून हेच झाले आणि त्यात चार महिने गेले. गाठायचे असते ते स्टेरॉईडशिवाय आजार शांत राहणे, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत गाठायचे हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावे.

आधी नाव समजून घ्या

लंडनमधील डॉक्टर जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये सांधे सुजलेल्या २२ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांच्यापैकी काहींना सांध्यांसोबत ताप, गाठी आणि वाढलेली प्लीहा असल्याचे नोंदवले. पुढे १९७१ मध्ये एरिक बायवॉटर्स यांनी असाच आजार मोठ्या माणसांतही होतो हे १४ रुग्णांच्या आधारे दाखवले. त्यामुळे दोन नावे रूढ झाली : सोळा वर्षांखालील मुलांत ‘सिस्टेमिक जेआयए’ आणि त्यापुढे ‘ॲडल्ट ऑनसेट स्टिल्स डिसीज’. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या आणि बालसंधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे दोन्ही एकच आजार मानून ‘स्टिलचा आजार’ हे नाव वापरले आहे. एका कागदावर एक नाव आणि दुसऱ्यावर दुसरे दिसले, तर दोन आजार झाले म्हणून घाबरू नये.

हा आजार ‘ऑटोइन्फ्लमेटरी’ गटात मोडतो. हा शब्द १९९९ मध्ये वापरात आला आणि ‘ऑटोइम्यून’पेक्षा तो मुद्दाम वेगळा ठेवला गेला. ऑटोइम्यून आजारांत शरीर स्वतःच्याच भागांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ऑटोइन्फ्लमेटरी आजारांत बिघाड असतो तो जन्मजात प्रतिकारशक्तीत, म्हणजे कोणताही जंतू दिसताच आधी धावून जाणाऱ्या पहाऱ्यात. जंतू नसतानाही हा पहारा आरोळी ठोकत राहतो आणि इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१८ ही दाहाची रसायने रक्तात वाढत जातात. हा फरक केवळ पुस्तकी नाही. आरए फॅक्टर आणि एएनए या प्रतिपिंडे शोधणाऱ्या रक्ततपासण्या स्टिलच्या आजारात बहुधा निगेटिव्ह येतात, आणि त्या निगेटिव्ह आल्या म्हणून ‘संधिवात नाही’ असे सांगून परत पाठवलेली मुले मी पाहिली आहेत.

तापाची रीत ओळखून ठेवण्याजोगी आहे. दिवसातून एकदा, कधी दोनदा, बहुधा संध्याकाळी, ताप ३९ अंश सेल्सिअसच्या (१०२ फॅरनहाइटच्या) पुढे चढतो आणि काही तासांत पूर्ण उतरतो; सकाळी मूल खेळत असते. तापासोबत फिकट गुलाबी पुरळ उठते आणि तापासोबतच विरते. त्यामुळे सकाळी अकराच्या ओपीडीत दाखवायला काहीच नसते. सावळ्या त्वचेवर ते आणखी अवघड दिसते. आमच्या मुलीचे पुरळ काखेत, मांडीच्या आतल्या बाजूला आणि चड्डीच्या इलॅस्टिकच्या रेषेवर सगळ्यात स्पष्ट उठत असे, कारण दाब पडलेल्या किंवा खाजवलेल्या जागी ते अधिक उमटते. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, वेळेसह काढलेला फोटो डॉक्टरांना दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगून जातो.

निदान पक्के होईपर्यंत घाई करू नका

स्टिलचा आजार दाखवणारी एकच एक तपासणी नाही. इतर शक्यता वगळून तो ठरवावा लागतो, आणि विदर्भात वगळण्याची यादी जरा लांबच असते. क्षयरोग, डेंग्यू, मलेरिया आणि पावसाळ्यानंतरचा स्क्रब टायफस या यादीत येतातच. त्याखेरीज सिकलसेल येथे घरोघरी ऐकू येणारा आजार आहे : लहान मुलांत त्यानेही हातापायांची बोटे सुजतात, हाडे दुखतात, ताप येतो. सिकलसेल असलेल्या रुग्णाला स्टेरॉईड दिल्यास, विशेषतः ते थांबवताना, वेदनेचा तीव्र झटका येऊ शकतो. म्हणून सिकलसेलची तपासणी पूर्वी झाली नसेल तर स्टेरॉईडच्या आधी करून घ्यावी, आणि झाली असेल तर तो कागद फाइलच्या वरच ठेवावा.

दुसरी महत्त्वाची शक्यता रक्ताच्या कर्करोगाची. डॉक्टरांनी बोन मॅरो तपासायला सांगितले की पालकांचा जीव खाली-वर होतो आणि काही जण ‘आधी औषध देऊन पाहू’ असा आग्रह धरतात. तो धरू नये. स्टेरॉईडमुळे ल्युकेमियाची लक्षणे काही काळ झाकली जातात आणि नंतर निदान व उपचार दोन्ही अवघड होतात. ती एक सुई सोसलेली बरी.

वही सुरू करा

शंभर पानी साधी वही पुरते. रोज सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा अशा ठरावीक वेळी ताप मोजून लिहावा, मधे अंग गरम लागले तर तीही नोंद करावी. पुरळ होते की नाही, सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले होते आणि कोणते औषध कधी दिले, एवढे चार रकाने पुरे. सांध्यांसाठी घरगुती मोजमाप चालते : आमची मुलगी डब्याचे झाकण स्वतः उघडू शकली का आणि शाळेच्या बसची पायरी एका दमात चढली का, हे आम्ही लिहीत असू. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बाहेरून आलेल्या मुलाला कूलरसमोर अर्धा तास बसवूनच ताप मोजावा, नाहीतर नोंदींचा अर्थ लागत नाही.

वहीच्या शेवटच्या पानांवर तपासण्यांचा तक्ता ठेवावा : हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, दाह मोजणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन, जे या आजारात वाढते), यकृताची एसजीओटी आणि एसजीपीटी. प्रत्येक तारखेला एक ओळ. एकटा आकडा फारसे बोलत नाही. खालीवर लागलेल्या चार ओळी बोलतात. फेरिटिनबाबत एक सावधगिरी : काही प्रयोगशाळांचे यंत्र एका मर्यादेपर्यंतच मोजते आणि अहवालावर ‘२००० पेक्षा जास्त’ असे छापून मोकळे होते. आमचे असे तीन अहवाल आले, तिन्ही सारखे दिसले आणि आजार चढतो आहे की उतरतो आहे हे कोणालाच कळेना. नमुना पातळ करून, म्हणजे डायल्युशन करून, पूर्ण आकडा द्या, असे रक्त देतानाच सांगावे आणि शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत जावे.

औषधे, आणि त्यांच्या तारखा

२०२४ च्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत उपचाराचे टप्पे दिवसांसह दिले आहेत, आणि पालकांना त्यांचा मोठा आधार होतो. सातव्या दिवसापर्यंत ताप गेलेला असावा आणि सीआरपी निम्म्याहून अधिक उतरलेला असावा. चौथ्या आठवड्यापर्यंत ताप नसावा, सुजलेल्या सांध्यांची संख्या निम्म्याहून कमी व्हावी आणि सीआरपी सामान्य असावा. तिसऱ्या महिन्यापर्यंत आजार शांत असावा आणि स्टेरॉईडचा रोजचा डोस किलोमागे ०.१ ते ०.२ मिलीग्रॅमच्या खाली आलेला असावा, म्हणजे २० किलोच्या मुलाला दिवसाला २ ते ४ मिलीग्रॅमपेक्षा कमी. सहाव्या महिन्यापर्यंत स्टेरॉईड पूर्ण बंद होऊनही आजार शांत असावा. प्रत्येक मूल या वेळापत्रकात बसेल असे नाही. पण एखादा टप्पा चुकला तर ‘आता उपचार बदलायचा का?’ हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

नॅप्रॉक्सेन किंवा इंडोमेथासिनसारखी वेदना आणि दाह कमी करणारी औषधे निदान चालू असताना उपयोगी पडतात, पण बहुतेकांना तेवढ्यावर भागत नाही. ती पोटभर खाऊनच द्यावीत. पावसाळ्यात नवा ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल तर ती थांबवून आधी डॉक्टरांना फोन करावा, कारण डेंग्यूत त्यांच्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोपर्यंत पॅरासिटामॉल चालते.

स्टेरॉईडविषयी दोन टोके दिसतात : कोणी नाव ऐकूनच नकार देतात, तर कोणी आराम पडला म्हणून वर्षानुवर्षे चालू ठेवतात. तीव्र आजारात ते जीव वाचवते. दीर्घकाळ दिल्यास उंची खुंटते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होऊ शकतो, रक्तदाब आणि साखर वाढते. सगळ्यात धोकादायक चूक मात्र ते एकदम बंद करण्याची. काही आठवडे स्टेरॉईड घेतल्यावर शरीराची स्वतःची स्टेरॉईडची निर्मिती झोपी गेलेली असते. अशा वेळी गोळी अचानक थांबली किंवा उलट्यांमुळे पोटात टिकली नाही, तर मूल ग्लानीत जाऊ शकते आणि इंजेक्शनची गरज पडते. मुलाच्या दप्तरात ‘मी स्टेरॉईड घेतो’ असे लिहिलेले, डोस नमूद केलेले कार्ड असावे. लग्नाला गावी जाताना चार दिवसांच्या गोळ्या जास्त घ्याव्यात. परतीची बस चुकते हे विदर्भात कोणाला सांगायला नको.

मेथोट्रेक्सेट सांध्यांसाठी दिले जाते आणि ते आठवड्यातून एकदाच द्यायचे असते. हे ठासून सांगण्यामागे कारण आहे. आमच्या तिसऱ्या महिन्यात एका औषध दुकानातून पाकिटावर नेहमीच्या सवयीने ‘१-०-०’, म्हणजे रोज सकाळी एक, असे लिहून मिळाले. माझ्या पत्नीने चिठ्ठी पुन्हा वाचली म्हणून मंगळवारची दुसरी गोळी मुलीच्या पोटात गेली नाही. हे औषध रोज दिले तर अस्थिमज्जा (बोन मॅरो) बंद पडून जिवावर बेतते. आम्ही तेव्हापासून रविवार ठरवला, कॅलेंडरवर खूण केली आणि ती गोळी घरातल्या इतर औषधांपासून वेगळ्या डबीत ठेवली. फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या दिवशी. गोळीच्या नुसत्या पिवळ्या रंगाने मुलाला मळमळू लागले तर हसण्यावारी नेऊ नये. ती खरी मळमळ असते, आणि रात्री झोपताना दिल्याने किंवा इंजेक्शनवर गेल्याने ती बरीच कमी होते.

आता जैविक औषधे, ज्यांना सगळे ‘बायोलॉजिक’ म्हणतात. या आजाराचे भवितव्य खऱ्या अर्थाने यांनीच बदलले. टोसिलिझुमॅब इंटरल्यूकिन-६ ची वाट अडवते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११२ मुलांच्या चाचणीत बारा आठवड्यांनंतर हे औषध घेणाऱ्यांपैकी ८५ टक्के मुलांना लक्षणीय सुधारणा होऊन ताप नव्हता, तर तुलनेसाठी नुसते औषधासारखे दिसणारे इंजेक्शन (प्लासिबो) घेणाऱ्यांत हे प्रमाण २४ टक्के होते. ॲनाकिन्रा आणि कॅनाकिनुमॅब इंटरल्यूकिन-१ ला थोपवतात. आपल्याकडे व्यवहारात टोसिलिझुमॅबच पुढे येते, कारण इंटरल्यूकिन-१ ची औषधे येथे सहज हाती लागत नाहीत. काही मुलांना टोफॅसिटिनिबच्या गोळ्या किंवा थॅलिडोमाइड दिले जाते. थॅलिडोमाइडने नसांना इजा होऊ शकते आणि गर्भावर त्याचा भयंकर परिणाम होतो, म्हणून वयात आलेल्या मुलीच्या बाबतीत हे बोलणे लाजेखातर टाळू नये.

टोसिलिझुमॅब शिरेतून दर दोन आठवड्यांनी दिले जाते. ३० किलोंखालील मुलांना किलोमागे १२ मिलीग्रॅम आणि ३० किलोंपासून पुढे किलोमागे ८ मिलीग्रॅम असा हिशेब असतो. त्यामुळे २९ किलोंच्या मुलाला ३४८ मिलीग्रॅम लागते आणि तेच मूल ३१ किलोंचे झाले की २४८. वजन वाढले आणि खर्च उतरला, असा प्रसंग आयुष्यात क्वचितच येतो. आमच्या घरी त्या दिवशी पेढे आणले होते. सुरू करण्याआधी क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे आणि मॉन्टू किंवा इग्रा चाचणी, शिवाय हिपॅटायटिस बी व सी आणि एचआयव्ही तपासून घेतले जाते. सुप्त क्षयरोग आढळला तर आधी त्याचे औषध सुरू होते. हा अडथळा समजू नये.

या औषधाची एक खोड लक्षात ठेवावी लागते. ते सीआरपी जवळजवळ दाबूनच टाकते आणि तापही झाकते. न्यूमोनिया झालेल्या मुलाचाही सीआरपी सामान्य येऊ शकतो. गावाकडच्या किंवा रात्रपाळीच्या डॉक्टरांना हे ठाऊक असेलच असे नाही, म्हणून ‘या मुलाला टोसिलिझुमॅब चालू आहे, सीआरपीवर विसंबू नये’ अशी ओळ तज्ज्ञांच्या लेटरहेडवर लिहून घ्यावी आणि तिचा फोटो घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवावा.

औषध २ ते ८ अंशांत राहिले पाहिजे, आणि गोठताही कामा नये. मे महिन्यात दवा बाजारातून घरापर्यंतचा अर्धा तासही पुष्कळ होतो. थर्मोकोलचा डबा आणि गोठवलेले जेलपॅक घरून न्यावे, पॅक आणि कुपी यांच्यामध्ये जाड टॉवेलची घडी ठेवावी, गाडीच्या डिकीत ठेवू नये आणि जमल्यास सकाळी नऊच्या आत आणावे. फ्रीजमध्ये मधल्या फळीवर ठेवावे, दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटून नव्हे.

मॅस : ज्यात तास मोजावे लागतात

‘मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम’, दवाखान्यातल्या बोलीत ‘मॅस’, ही स्टिलच्या आजारातील सर्वांत गंभीर गुंतागुंत. उघडपणे ती साधारण दहापैकी एका मुलाला होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६२ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मॅस झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले आणि ८ टक्के दगावले. आकडा घाबरवणारा आहे, पण वेळेवर ओळखल्यास उपचार आहेत : मोठ्या मात्रेत स्टेरॉईड, ॲनाकिन्रा, सायक्लोस्पोरिन.

घरी ओळखण्याच्या खुणा अशा : चढउतार करणारा ताप दिवसभर एकसारखा राहू लागतो, मूल सुस्त किंवा गोंधळलेले होते, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, अंगावर निळसर डाग उठतात. रक्तात प्लेटलेट उतरतात, यकृताचे आकडे आणि फेरिटिन चढते. आणि ईएसआर कमी होतो. पालक इथेच फसतात, कारण ईएसआर उतरला म्हणजे बरे, असे आपण शिकलेलो असतो. येथे रक्तातील फायब्रिनोजेन (रक्त गोठण्यास लागणारे प्रथिन) खर्च होत असल्यामुळे तो उतरतो.

तज्ज्ञांनी २०१६ मध्ये ठरवलेल्या निकषांप्रमाणे, ताप असलेल्या अशा रुग्णाचे फेरिटिन ६८४ च्या वर असून प्लेटलेट १.८१ लाख किंवा कमी, एसजीओटी ४८ च्या वर, ट्रायग्लिसराईड (रक्तातील चरबी) १५६ च्या वर आणि फायब्रिनोजेन ३६० किंवा कमी यांपैकी दोन गोष्टी असल्या, तर मॅस समजला जातो. यातली मेख पाहा. प्लेटलेट १.८ लाख म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावर अगदी सामान्य. लाल खूणही येत नाही. पण स्टिलच्या आजारात दाहामुळे प्लेटलेट पाच-सहा लाखांवर गेलेल्या असतात, आणि सहा लाखांवरून तीन दिवसांत १.८ लाखांवर येणे ही मोठी घसरण आहे. ती दिसते फक्त वहीतल्या तक्त्यात. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात याच घसरणीला डेंग्यू म्हटले जाण्याची दाट शक्यता असते, आणि कधी दोन्ही खरे असते, कारण संसर्गामुळेच मॅस भडकू शकतो. अशा रात्री जवळचे छोटे नर्सिंग होम न शोधता बालकांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जावे. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स यांपैकी तुमच्या घरून कोणते लवकर गाठता येते हे शांत दिवशीच ठरवून ठेवावे.

खर्चाची तजवीज

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारावे. नंतर विचारल्यास बहुधा उशीर झालेला असतो. शिधापत्रिका आणि आधार यांवरील नावांची अक्षरे जुळतात का हे पाहून ठेवावे. मुख्यमंत्री सहायता निधीच्या वैद्यकीय कक्षाकडेही अर्ज करता येतो. केंद्राचे दुर्मीळ आजार धोरण २०२१ चे आहे, पण त्यात ठरावीक आजारांचीच यादी असल्याने आजार ‘दुर्मीळ’ आहे एवढ्यावर मदत मिळत नाही.

लस, शाळा, जेवण

मेथोट्रेक्सेट, मोठ्या मात्रेतील स्टेरॉईड किंवा बायोलॉजिक चालू असताना जिवंत जंतूंच्या लशी (गोवर-रुबेला, कांजिण्या) डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. तोंडावाटे देण्याची पोलिओ लसही त्यातच येते, म्हणून पल्स पोलिओच्या दिवसांत दारात आलेल्या ताईंना आजार सांगून कागद दाखवावा. त्या नीट ऐकून घेतात. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोकोकलच्या लशी मात्र आवर्जून घ्याव्यात.

शाळेत वर्गशिक्षकांना लेखी कळवावे की सकाळी सांधे आखडतात, म्हणून पहिल्या तासाला उशीर होऊ शकतो, आणि आजार संसर्गजन्य नाही. स्टेरॉईडमुळे चेहरा गोल झाला की वर्गात नावे ठेवली जातात. आमच्या मुलीला ‘लाडू’ म्हणत. ती सूज औषध उतरल्यावर जाते, हे तिला फोटो दाखवून पटवावे लागले.

स्टेरॉईड चालू असताना मीठ आणि साखर आवरावी लागते आणि भूक तर राक्षसी लागते. तर्री-पोहे आणि सावजीचा रस्सा काही महिने दूर ठेवणे नागपुरात सोपे नाही. आम्ही तर्रीशिवायचे पोहे आणि भरपूर काकडी यांवर तोडगा काढला. दूध, नाचणी आणि डॉक्टरांनी दिलेले कॅल्शियम व ड जीवनसत्त्व चुकवू नये. संत्र्याविषयी सगळे विचारतात : सायक्लोस्पोरिनसोबत ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळायचे असतात, आपल्या संत्र्याला ती अडचण नाही.

पुढे काय होते

आजाराच्या तीन वाटा आहेत. काहींना तो एकदा येतो, काही महिन्यांत किंवा दोनेक वर्षांत शमतो आणि परत येत नाही. काहींना मधे बरे राहून पुन्हा उसळतो. काहींना तो सतत राहतो आणि ताप गेल्यावरही सांधे झिजवत जातो. तुमचे मूल कोणत्या वाटेवर आहे हे पहिल्या महिन्यात कोणीही सांगू शकत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्याकडून दुसरे मत घ्यायला मी सुचवीन.

जुन्या पुस्तकांतील चित्र बायोलॉजिक येण्यापूर्वीचे आहे : सतत चालणारा आजार, खुरटलेली उंची, शस्त्रक्रियेने बदलावे लागलेले खुब्याचे सांधे, मूत्रपिंडात साठणारे अमायलॉईड नावाचे प्रथिन. ते वाचून रात्र जागवू नये. नेदरलँड्समधील एका अभ्यासात ४२ रुग्णांना सुरुवातीलाच ॲनाकिन्रा दिले गेले. वर्षअखेरीस ७६ टक्क्यांचा आजार शांत होता आणि ५२ टक्के कोणत्याही औषधाशिवाय शांत होते. लवकर सुरू केल्याने आजाराची वाटच बदलते, असे अनेक तज्ज्ञ मानतात.

दीर्घकाळ लक्ष ठेवायच्या गोष्टींत एक नवीन भर पडली आहे, ती फुप्फुसांची. काही मुलांत, विशेषतः फार लहान वयात आजार सुरू झालेल्या आणि वारंवार मॅस झालेल्यांत, फुप्फुसांचा आजार आढळतो. बोटांची टोके फुगीर होऊन नखे गोलसर वळणे, कोरडा खोकला, धावताना दम लागणे, यांपैकी काही दिसले तर छातीच्या सीटी स्कॅनविषयी विचारावे. दर सहा महिन्यांनी उंची दाराच्या चौकटीवर खुणेने नोंदवावी आणि स्टेरॉईड लांबले तर डोळे तपासावेत.

‘पुढच्या बाळाला होईल का’ आणि ‘मुलीचे लग्न कसे होईल’ हे प्रश्न बाहेर कुजबुजत विचारले जातात. स्टिलचा आजार सहसा आईवडिलांकडून मुलांना सरळ येत नाही. तान्हेपणीच सुरू झालेला किंवा भावंडांतही दिसणारा आजार असेल तर जनुकीय तपासणी करतात. आजार शांत असलेल्या स्त्रियांना मुले होतात, फक्त मेथोट्रेक्सेट गर्भधारणेच्या काही महिने आधी बंद करावे लागते.

औषध कमी करण्याची वेळ

स्टेरॉईड बंद होऊन आजार तीन ते सहा महिने पूर्ण शांत राहिला की बायोलॉजिक कमी करण्याचा विचार होतो. ते एकदम थांबवत नाहीत. डोस उतरवतात किंवा दोन इंजेक्शनांतील अंतर वाढवतात. आमच्या मुलीचे दोनाचे तीन आठवडे झाले, मग चार. चारवर असताना एका डिसेंबरात सलग तीन संध्याकाळी ९९.८ असा ताप आणि इलॅस्टिकच्या रेषेवर गुलाबी पट्टा दिसला. ताप म्हणावा असा तो नव्हता, पण वहीतली जुनी पाने उलटल्यावर पहिल्या उसळीच्या आधीचे दोन दिवस अगदी असेच निघाले. फोटो आणि ते पान डॉक्टरांना पाठवले, फेरिटिन दुसऱ्या दिवशी सकाळी झाले, आणि इंजेक्शन पुन्हा तीन आठवड्यांवर आले. भरती व्हावे लागले नाही. त्यानंतर दीड वर्षाने पुन्हा कमी करायला सुरुवात केली. आता अंतर सहा आठवड्यांचे आहे, आणि वही ती स्वतः लिहिते, अक्षर माझ्यापेक्षा बरे आहे.